डोळ्यांचं तेल आणि काशाची वाटी

पुण्यात परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "यवतमाळकडे काय पाहिलंस?" लोकांना वाघ हवा असतो. वाघ नसला तर निदान जंगल, तेही नसलं तर कापसाचे ढीग. मी सांगते, मी एक काशाची वाटी पाहिली. ऐकणारा हसतो आणि विषय बदलतो. ज्यांना विषय बदलायचा नाही त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी मी तिकडे का गेले ते सांगते. आमचं आरोग्यप्रचाराचं एक लहानसं मंडळ आहे आणि मी त्याची पत्रकं लिहिते. माझ्या भाषेला धार आहे असं आमचे चिटणीस म्हणतात, आणि खोटं कशाला सांगू, मलाही तसं वाटत होतं. दिवाळीच्या आधी मंडळाची औषधगाडी यवतमाळ जिल्ह्यात फिरून आली. तिनं अंधार पडू लागला की ज्यांना दिसेनासं होतं अशांच्या घरी तेलाच्या बाटल्या वाटल्या. शार्क नावाच्या माशाच्या यकृताचं ते तेल. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि ते पोटात गेलं की रातांधळेपणा हटतो. बाटलीबरोबर माझं पत्रक होतं. मार्गशीर्षात चिटणीसांनी मला पाठवलं ते पत्रकाचा परिणाम पाहून यायला. म्हणजे उघड सांगायचं तर मी शाबासकी गोळा करायला निघाले होते.

बोरी अरब

गाडीचे हाल सांगत बसत नाही. बोरी अरबला पोचले तो बाजाराचा दिवस होता.

आमच्या मंडईत भाजीवाल्या ओरडतात, गिऱ्हाईक खेकसतं आणि व्यवहार होतो. इथे माणसं आधी बसतात. मिरच्या विकणारी आणि मिरच्या घेणारी शेजारी शेजारी बसून लेकीच्या सासरची चौकशी करतात आणि मग जाता जाता मिरच्यांचं बोलतात. मला हे फार आवडलं. पण कडुलिंबाच्या एका झाडाखाली मात्र कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे होते आणि मधे एक गृहस्थ भोंगा तोंडाला लावून बोलत होता. पायाशी सतरंजी, सतरंजीवर तांबड्या पाण्याच्या बाटल्या, प्रत्येक बाटलीवर छाती फुगवलेला पहिलवान.

"देखो भाऊ, ही दवाई नाही, ताकद हाय ताकद! रक्त वाढवते, डोयाचं तेज वाढवते, म्हातारपन जागच्या जागी थांबवते! साठीच्या मानसाले लोक पोरगा समजून रागवते!"

गर्दी खूश होती. मी पुढे झाले. तिथे पुढे होणारी बाई मी एकटीच, त्यामुळे वाट लगेच मिळाली.

"यात काय आहे?" मी विचारलं.

"एकवीस जडीबुटी हायेत, बाई."

"कोणत्या?"

"नाव सांगतलं का ताकद उतरते."

सगळे हसले. मी तापले. पलीकडे पोत्यावर आवळ्यांची रास पडली होती, हिरवेगार, पाणीदार आवळे, आणि तिच्यापुढे एक गिऱ्हाईक नव्हतं. मी रासेकडे बोट दाखवून म्हणाले, "रक्त हवंय, तेज हवंय, तर ते आवळे खा. पालेभाजी खा. या माणसाला कशाला पोसता?"

"आवळा त बकरी बी खाते, बाई," तो म्हणाला. "बकरीले कधी कुस्ती मारताना पाह्यलं काय?"

पुन्हा हशा. एका शेतकऱ्यानं मला अगदी सरळपणे विचारलं, "तुमी काय इकून राह्यल्या, बाई?"

"मी काही विकत नाही. मी सांगायला आले आहे."

"फुकट? मंग तुमचं कोन आयकन?"

त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. मी रागाच्या भरात एक बाटली विकत घेतली. पुरावा म्हणून! पुण्याला नेऊन तपासून घेईन आणि या माणसाचं नाव पत्रकात छापीन, असं मनात होतं. पण माझ्या हातात बाटली दिसताच त्यानं भोंगा उचलला. "पाहा! पुन्याची शिकेल बाई बी नेऊन राह्यली! आता त खोटं नाही न?" माझ्या देखत बाटल्या भराभरा उठल्या. इतकी विक्री त्या गृहस्थाची सबंध सकाळभर झाली नसेल.

धर्मशाळेत बसून मी ते तांबडं पाणी चाखलं. गुळाचं पाणी होतं, आणि वर काहीतरी घसा जाळणारं. एकवीस सोडा, त्यात एक जडीबुटी सापडली तर मी पत्रकं लिहिणं सोडीन. नाव सांगितलं की ताकद उतरते! हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं, पुढच्या पत्रकात याच वाक्यानं त्याला सोलायचा म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा.

आर्णीजवळचं गाव

आर्णीपासून बैलगाडीनं थोडं आत असलेल्या एका गावात माझी सोय झाली होती. गावाचं नाव देत नाही, कारण घरचं बोलणं चव्हाट्यावर मांडायचं आहे. घर आबाजी आणि पार्वताबाई या नवरा-बायकोचं. कापूस आणि तुरीची शेती, दोन बैल, एक गोऱ्हा, एक म्हैस, आणि वाघ्या नावाचा दारातून न हलणारा एक कुत्रा. आबाजी आणि पार्वताबाई दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ. मुलगा कापसाच्या गाड्या घेऊन सरकी काढायच्या जिनिंग कारखान्याकडे गेला होता. घरात होती त्याची बायको शेवंता, सातवा महिना लागलेली. आमच्या गाडीनं बाटली दिलेल्यांच्या यादीत तिचं नाव होतं.

दुपारी पार्वताबाईंनी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, जवसाची चटणी, आणि ओल्या हरभऱ्याच्या पाल्यात कांदा, मिरची, दाण्याचं कूट घालून केलेला कच्चाच घोळणा. या घोळण्यावर मी जन्मभर राहीन. जवसाच्या तेलाच्या वासाला मात्र पहिल्या घासाला नाक वाकडं झालं, दुसऱ्याला झालं नाही.

"तुमच्याकडे वरन कसं करते?" पार्वताबाईंनी विचारलं.

"आमच्याकडे आमटी. त्यात थोडा गूळ घालतो."

"वरनात गूळ!" त्या आतल्या दाराकडे वळून म्हणाल्या, "आयकलं का वं शेवंता? मंग हे लोक सनाले काय करत असन?"

आतून हसू आलं. शेवंताचं मला ऐकू आलेलं ते पहिलं. तिच्या ताटात, मी पाहिलं, भाकरी आणि वरण होतं, घोळणा नव्हता.

"तिला भाजी का नाही?"

"पोटुशी बाई हाय. पाला वातूळ रायते, लेकराले सोसत नाई."

मी लगेच बोलायला लागणार होते. पण ओसरीवरून मला एक ओळखीचा वास आला आणि मी थांबले. माशाच्या तेलाचा वास! बाटल्या भरताना तो आठवडाभर माझ्या हातांना होता. म्हणजे तेल घरात होतं, झाकण उघडत होतं, चाललं होतं. मी खूश झाले. पाल्याचं उद्या बोलू म्हटलं, आज तेलाचा गुण पाहू.

सांज झाली. बैल घरी येत होते, दिवा अजून लागला नव्हता, आणि मला अंगणातलं सगळं स्वच्छ दिसत होतं. शेवंता विहिरीकडून घागर घेऊन आली आणि अंगणाच्या तोंडाशी थांबली. डावा हात पुढे केला. हाताला कुड लागला. मग कुडाला हात लावून ती एकेक पाऊल मोजत आली, चौकटीपाशी वाकली, आणि उंबऱ्याच्या आत कुणीतरी सरकवलेल्या पाटाला तिचा पाय लागला. घागर गेली. तिनं पोटावर हात घेतला, आधी पोटावर, मग भिंतीला.

"झालं सुरू!" खाटेवरून आबाजी म्हणाले. "दिवसभर कापसातली किडकी कवडी येचते न हे, अन् सांज झाली का आंधळी. कामाच्या वक्तालेच कसे डोये जाते? सोंग हाय सोंग!"

"मामंजी, खरंच नाई दिसत," ती म्हणाली. तिनं हे शंभरदा म्हटलं असावं, तिच्या आवाजात पटवायची उमेदच नव्हती.

"बाळंतपनाले माहेरी चालली न? आता तिकडेच डोये सुदरव. सुदरल्याबिगर मी गाडी पाठवत नाई आनाले. सांगून ठेवतो."

ती चाचपत घागर उचलायला वाकली. मला राहवेना. महिना-दीड महिना झाला आमची बाटली या घरात आहे, बाटलीचा वास घरभर आहे आणि सुनेचे डोळे जसेच्या तसे! मग तेल जातं कुठे? आमच्या पत्रकात मी एक उपदेश केला होता, की सुनेच्या तोंडचं औषध घरातल्या इतरांनी पळवू नये. म्हणजे तेच झालं! मी उभी राहिले आणि पार्वताबाईंना म्हणाले, "तेल तुम्ही हिला देतच नाही. तुम्ही स्वतः घेता, नाहीतर कुणाला तरी देता. सून परक्या घरची, तिचे डोळे गेले तर तुमचं काय जातं! लाज नाही वाटत?"

मी हे पाहुणी म्हणून जेवलेल्या घरात, दुपारचा घोळणा दोनदा मागून घेतल्यावर बोलले.

पार्वताबाई आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात आमची बाटली होती आणि दुसऱ्या हातात काशाची वाटी. त्यांनी दिवा लावला, शेवंताला भिंतीला टेकवून बसवलं, तिचे पाय आपल्या मांडीवर घेतले. बाटलीतलं तेल चमच्यानं मोजून तळव्यावर ओतलं आणि वाटीच्या बुडानं चोळायला लागल्या. हात असा चालत होता की तळवा काळा पडेपर्यंत थांबणार नाही. वाघ्या सरकत सरकत जवळ आला आणि वाट बघत बसला.

"एक बी सांज नागा नाई केला, बाई," त्या मान वर न करता म्हणाल्या. "एकादशीले बी नाई. तयव्यातून गरमी ओढून घेतली का डोये थंडे होते, हे त माह्या मायनं मले शिकोलं. मंग सरकारी तेल हाय, त अजून जोर लावतो मी."

आमच्याकडेही तळव्याला तूप लावून काशाची वाटी फिरवतात. माझ्या आत्याला उन्हाळ्यात मी स्वतः चोळलं आहे. पण तिथे सासू सुनेचे पाय मांडीवर घेऊन बसली होती. मी सासू सुनेच्या पायाला हात लावताना कधीही पाहिलेली नाही, ना पुण्यात, ना आणखी कुठे.

"आणि ती ताकदीची बाटली?" मी विचारलं, कारण कोनाड्यात तोच पहिलवान उभा होता.

"ते पाजतो न. सकाय-सांज."

म्हणजे जे गटारात ओतायचं ते या पोरीच्या पोटात जात होतं, आणि जे पोटात जायचं ते पायांवरून कुत्र्याच्या तोंडात.

"अहो, हे तेल प्यायचं असतं!" मी ओरडले.

आबाजी खाटेवरून उठले. आढ्याच्या वाशात खोचलेला कागद त्यांनी काढला. माझं पत्रक! घडी नीट, कोपरे शाबूत. "मी शिकेल हाय बाई, चौथी. चारदा वाचला मी हा कागद. दाखवा कुटी लिवलं प्यायचं हाय म्हनून."

मी दिव्यापाशी वाचायला घेतलं. पहिला परिच्छेद अज्ञानावर होता. दुसरा नफेखोर औषधवाल्यांवर, तो फार जमला होता. तिसऱ्यात सासवांवर ताशेरे. चौथ्यात गाजर, टोमॅटो, संत्री आणि लोणी खावे असा सल्ला, ज्यातलं म्हशीचं लोणी सोडलं तर त्या घरात काही नव्हतं. शेवटी वरती मोठा डोळा, खाली बाटली, असं चित्र, आणि "हे जीवनसत्त्वयुक्त तेल रोज नियमाने चालू ठेवावे." मी मागची बाजू पाहिली. मागे मंडळाचा पत्ता होता. तेल तोंडानं घ्यायचं, किती घ्यायचं, कधी घ्यायचं, यातलं एक अक्षर त्या कागदावर नव्हतं. लिहायचं सुचलंच नव्हतं. तेल प्यायचं हे कुणाला सांगावं लागतं का, असंच मला वाटलं असणार, म्हणजे वाटलंही नसणार.

"नाई न?" आबाजी म्हणाले. त्यांना जिंकायचं नव्हतं, त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले. "माझं चुकलं. हा कागद मी लिहिला आहे."

पार्वताबाईंनी लगेच चमचा पुसला. "जाऊ द्या. मंग आता पाजतो. त्यात काय?" आणि चमचा भरून त्या सुनेकडे वळल्या.

त्या क्षणी मी गप्प राहिले असते तर सगळं सोपं होतं. त्या दोघींच्याही नाकाला तो वास औषधाचा वाटत होता. कागदावरही मासा नव्हता. तो शब्द मी लिहिला होता, चिटणीसांनी खोडला. "नाव काढलं की अर्धे लोक घेणार नाहीत," असं ते म्हणाले होते आणि मी मान डोलावली होती. आता दिव्याच्या उजेडात पार्वताबाईंच्या गळ्यातली माळ दिसत होती आणि मला बोरी अरबचा तो भोंगेवाला ऐकू येत होता. नाव सांगितलं की ताकद उतरते. त्याला सोलायला निघालेली मी त्याचंच वाक्य छापून वाटत होते, फक्त माझ्याजवळ भोंगा नव्हता.

"थांबा," मी म्हणाले. "हे माशाच्या काळजाचं तेल आहे."

चमचा खाली आला. पार्वताबाईंनी हातांकडे पाहिलं, उठून चुलीतली राख घेतली आणि हात घासायला लागल्या. घासले, धुतले, पुन्हा घासले. आबाजींनी बाटली कागदात धरून उचलली आणि गोठ्याच्या कुडात नेऊन खोचली. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "तुमच्या गाडीवाल्यानं माह्या घरात हे आनलं, अन् सांगतलं नाई."

दुसरा दिवस

सकाळी सक्रूबाई आली. गावाला लागून बंजाऱ्यांचा तांडा आहे. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आता ही मंडळी इथेच शेती करतात. सक्रूबाई पन्नाशीची, अंगात आरशांची फेट्या-कांचोळी म्हणजे त्यांचा घागरा-चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आवळ्यांची टोपली घेऊन ती गावात फिरते आणि घरोघरच्या बातम्या तिच्याजवळ असतात. तिनं आवळे दिले ते पुडीत. पुडी माझ्या पत्रकाची.

"कागद चांगला हाय तुमचा, बाई," ती म्हणाली. "वला झाला तरी फाटत नाई."

पार्वताबाईंनी रडत रडत तिला तेलाचं सांगितलं. सक्रूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मग टोपली खाली ठेवून हसायला लागली. "अवो याडी! पायाले? पायानं कोनी जेवते काय?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई.

"तुमच्या तांड्यात दिली होती का बाटली?" मी विचारलं.

"माह्या लहान्या सुनेले देल्ली न. बूच काढलं, मासोळीचा वास आला, पिऊन टाकली. खाची चीज हाय, मंग काय करावं? आता सांजच्याले सुईत दोरा ओवते थे." ती पार्वताबाईंना म्हणाली, "तुह्या नाकाले समजलं नाई?"

"मले काय ठाऊक मासोळी कशी वासते?" पार्वताबाई म्हणाल्या. "जन्मात घरात आली नाई."

खरंच होतं. तांड्यातल्या अडाणी बाईला जे नाकानं कळलं ते माझ्या छापील कागदानं या शहाण्या घराला कळू दिलं नव्हतं. ही चूक फक्त अशाच घरात होऊ शकत होती, ज्या घरानं मासा कधी हुंगला नाही, आणि ती चूक आम्ही करायला लावली होती. आबाजी हे सगळं गोठ्याच्या दारातून ऐकत होते.

तेवढ्यात शेवंता उठून त्यांच्यासमोर गेली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "मामंजी, तुळशीची माय तुमच्या गळ्यात हाय, आत्याबाईच्या गळ्यात हाय. माह्या नाई. मले माहेरी जाऊन परत याचं हाय. मी पितो."

तिनं "परत याचं हाय" म्हटलं तेव्हा पार्वताबाईंचं रडणं थांबलं.

आबाजींनी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "घरात नाई. गोठ्यात पी. अन् चमचा तटीच ठेव."

शेवंतानं नाक दाबून एक चमचा घेतला आणि तोंडात आवळा टाकला. बाटलीत आता आठ-दहा चमचे उरले होते, बाकीचे तळव्यांनी आणि वाघ्यानं संपवले होते. म्हणून पाल्याचं बोलणं भागच होतं. पण या खेपेला मी बोलले नाही. मी सक्रूबाईला विचारलं, "तुमच्याकडे पोटुशी बाई काय खाते?"

"पाला खाते न! बाटीसंग पाला नाई त मंग काय?" बाटी म्हणजे त्यांची भाकरी. परसातल्या शेवग्याकडे तिनं हात केला, तिकडे त्याला मुंगना म्हणतात. "हा मुंगना उभा हाय, बकऱ्या खाऊन राह्यल्या. माह्या तिन्ही सुना याचा पाला खाऊन बाळंत झाल्या. अन् तेल भरपूर घालजो, पान्यात उकडून नोको फेकू."

पुण्यातही आम्ही शेवग्याच्या शेंगा आमटीत घालतो आणि पाला झाडून टाकतो, हे मी मुकाट्यानं मनात नोंदवलं. फक्त एवढीच भर घातली की लाल भोपळाही चालेल, आणि पाल्याचं सत्त्व अंगी लागायला तेल हवंच, सक्रूबाईचं बरोबर आहे. ताकदीची बाटली पार्वताबाईंनी स्वतः उकिरड्यावर ओतली. वाघ्यानं हुंगून तोंड फिरवलं.

पुढचे दिवस

मुंगन्याचा पाला जवसाच्या तेलात परतलेला, लाल भोपळ्याची भाजी, हरभऱ्याचा घोळणा. शेवंता दोन्ही वेळा खात होती. दर सांजेला ती अंगणात बसे आणि पार्वताबाई विचारत, "काही?" ती म्हणे, "नाई." दुसऱ्या सांजेलाही नाई. मी रात्रीची झोप गमावून बसले. तेलाचा गुण तीन-चार दिवसांत दिसतो असं मी वाचलं होतं, पण मी अशा पुष्कळ गोष्टी वाचल्या होत्या.

चौथ्या सांजेला बैल आत बांधून झाले होते, दिवा लागायचा होता. पार्वताबाई तूर पाखडत होत्या, मी ओट्यावर. शेवंता चौकटीत बसली होती आणि वाघ्या हातभर अंतरावर पसरला होता. ती सहज म्हणाली, "वाघ्याच्या कानाले गोचीड हाय."

सूप थांबलं. पार्वताबाईंनी दिवा आणला, कुत्र्याचा कान उलटा केला. होती.

आबाजी गोठ्याच्या दारात होते. त्यांनी पायाशी पडलेली एक वस्तू उचलून उंच धरली. "अन् हे काय हाय?"

"दावं," शेवंता म्हणाली. "अन् गाठ सुटली हाय त्याची. गोऱ्हा मोकया झाला असन."

आबाजी वळून आत गेले, कारण गोऱ्हा खरंच मोकळा झाला होता. त्याला बांधून बाहेर आले तेव्हा सुनेकडे न बघता बोलले, पण आवाज सगळ्यांना जाईल असा. "बाळंतपन झालं का खबर धाडा म्हना व्याह्याले. मी सोता गाडी जुंपतो."

सोंग म्हटल्याबद्दल त्यांनी क्षमा मागितली नाही. मी त्यांना ते सुनावणार होते. तोंडही उघडलं होतं. मग माझ्या लक्षात आलं की पार्वताबाईंची क्षमा मीही अजून मागितलेली नाही.

ती मी निघायच्या सकाळी मागितली. पार्वताबाई म्हणाल्या, "पाय इकडे कर." मी नको नको म्हणेपर्यंत माझे पाय त्यांच्या मांडीवर होते आणि तळव्यावर काशाची वाटी. या खेपेला एरंडेल होतं. मला आल्यापासून अहो-जाहो करणारी बाई आता एकेरीवर आली होती.

"तुह्ये डोये लय तापेल हायेत, बाई," त्या चोळता चोळता म्हणाल्या. "चार दिवस ये आनखी. शेवंताले जेवढं चोयलं तेवढं तुले बी चोयतो."

पुणे

पुण्याला पोचताच मी चिटणीसांपुढे पत्रक ठेवलं आणि काय वगळलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "चूक खरी आहे. पण छापलेले गठ्ठे पडलेत. ते संपले की नव्या आवृत्तीत घालू. आणि मासा मात्र नको."

संपले की! म्हणजे ते सगळे गठ्ठे आणखी घराघरांत जातील, आणखी सासवा मांडीवर पाय घेऊन बसतील, आणखी सासरे चौथी शिकलेल्या डोळ्यांनी चारदा वाचतील आणि त्यांना काही सापडणार नाही. आम्ही त्यांना अडाणी म्हणणार. मी चिटणीसांना काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. गठ्ठे मात्र माझ्या खोलीत आणून ठेवले आहेत आणि दौत-टाक घेऊन मी एकेका पत्रकावर सुटलेली ओळ हातानं लिहीत आहे. बोटं दुखतात, अक्षर बिघडतं, पण कागद चांगला आहे, फाटत नाही.

ज्यांच्या घरी ते पत्रक आधीच जाऊन पोचलं आहे त्यांच्यापर्यंत माझा टाक जात नाही. म्हणून तीच ओळ इथे लिहिते. वाचणाऱ्यांपैकी कुणी तिकडे जाणार असेल, कुणाची बहीण तिकडे दिली असेल, तर ही तोंडी सांगा.

हे तेल माशाचं आहे. ते प्यायचं असतं. रोज एक चमचा, जेवण झाल्यावर. ज्यांना चालत नाही त्यांनी परसातला पाला तेलात परतून खावा. पाय चोळायचे असतील तर जरूर चोळा, पण दुसऱ्या तेलानं.